अर्धा कोयता

मुलांसाठीच्या एका परदेशी संस्थेत मी शिक्षणतज्ज्ञ आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांनी गावात राहून शिकावं, हे पाहणं माझं काम. आष्टीजवळच्या वस्तीवर ऊसतोडीला निघालेला मजूर अंगद ट्रॉलीत बिऱ्हाड चढवत होता. त्याची बायको उन्हाळ्यात वारली. माझी पावसाळ्यात. नवरा-बायको मिळून मुकादम एक कोयता धरतो, एकट्याला अर्धा; म्हणून अंगद आठवीतल्या लेकीला, योगिताला, जोडीला नेत होता. "तिला वसतिगृहात ठेवा," मी म्हणालो. "मग उसाच्या मोळ्या कोण बांधंल?" अंगद म्हणाला. " तुमीबी एकटेच, सर. चला माज्या जोडीला!" ट्रॉलीतले सगळे हसले. मीही. योगिता हसली नाही. "सर, तुमच्या घरी सैपाक कोण करतं?" "मुलगी. दहावीला आहे." "मग तिलाबी ठेवा की वसतिगृहात." ती ट्रॉलीत चढून बसली. तिला उतर म्हणावं की जा म्हणावं, मला कळेना. ट्रॅक्टर सुरू झाला, तरी मी ट्रॉलीचा फाळका धरून उभा होतो.