काळ्या जास्वंदीचं पहिलं फूल

बाराला दहा मिनिटं असताना स्वप्नालीच्या लक्षात आलं, मोबाईल घरीच राहिलाय. त्यावरच्या ऑनलाइन गेममधल्या बागेत तिची काळी जास्वंद सकाळीच फुलली होती. चार महिने, बावीस फसलेले संकर आणि नवऱ्याचे असंख्य टोमणे, एवढ्या भांडवलावर आलेलं ते एकच फूल. बाराच्या आत त्याचं बी काढलं नाही, तर संपलंच. काशीगावच्या ऑफिसातल्या फोनवरून तिने मोरव्याला घरच्या फोनवर सासूबाईंना गाठलं. “आई, माझ्या मोबाईलवर फूल दिसतंय ना? त्याखालचं हिरवं बटण दाबा.” “अगं, झाडाचं पहिलं फूल देवाचं. तोडायला गेले तर हाताला येईना, म्हणून मोबाईलच गणपतीपुढे ठेवलाय.” “मग उचला ना.” “वाहिलेलं परत घेतात का? आरती होऊ दे.” सासूबाईंच्या आरत्या पाच, आणि उरलेली मिनिटं सहा. “आई,” स्वप्नाली घाम पुसत गोडीगुलाबीने म्हणाली, “आज एकच म्हणाल?”