सात नंबरच्या जागेवरचा शिंपी

"सात नंबर नको. तंबू वरच्या अंगाला टाका," तात्या म्हणाला. "खाली डोह आहे. ओल फार."

"डोहासाठीच आलोय," म्हातारा म्हणाला आणि पाठीवरचं ओझं तिथंच उतरवलं.

तात्या नदीकाठच्या त्या उद्यानाचा रखवालदार. बावीस वर्षं तो तंबूवाल्यांना जागा देत होता, त्यांनी अर्धवट सोडलेल्या चुली विझवत होता, चुकलेली पोरं शोधून आयांच्या हवाली करत होता. माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. पण म्हाताऱ्याने तंबू उलगडला तसा तो बघतच राहिला. तंबू विकतचा नव्हता. घरी शिवलेला, टाका न् टाका एका रेषेत.

"शिंपी आहे मी," म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. घर शिवायची ही पहिलीच वेळ. उसवलं तर हसू नका."

तात्या हसला आणि खुंट्या ठोकायला बसला. तिसरी खुंटी अर्धी आत गेली, तेव्हा शिंपी म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी या डोहात एक होडी उलटली. माझी मुलगी होती तीत. त्या दिवशी इथं कामावर कोण होतं हो?"

हातोडा तात्याच्या अंगठ्यावर बसला.

"असेल कुणीतरी. मला नाही आठवत."

"बघा आठवतंय का. त्या माणसाला भेटल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तात्या अंगठा दाबत तिथून निघाला तो थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला.

न आठवायला काय झालं होतं! त्या दुपारी तो वर एका कुटुंबाची ओली चूल फुंकत होता. खालून ओरडा ऐकू आला. पोरं दंगा करताहेत, असं म्हणून तो फुंकतच राहिला. एखादं मिनिट असेल. मग आवाज बदलला आणि तो धावला. बुटांसकट उडी टाकली, तळाशी हाताला वेणी लागली, ती धरून पोरीला वर काढलं. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. पोर निळी पडली होती. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी धीर गोळा करून त्याने रुग्णालयात फोन लावला. "नदीवरून आणलेली ती मुलगी..."

"ती ना? ती गेली हो, सकाळीच," पलीकडून कुणीतरी घाईघाईने म्हणालं आणि फोन ठेवून दिला.

ते मिनिट तात्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तेव्हापासून लांबून कुणी ओरडलं की हातातलं काम टाकून तो पळत सुटे. बहुतेक वेळा कुणाची तरी चप्पल वाहून गेलेली असे. लोक हसत, तो हसत नसे.

पुढचे दोन दिवस तो शिंप्याला चुकवत राहिला. शिंपी या पायवाटेने आला की तात्याला नेमकं पलीकडच्या कुंपणाचं काम आठवे. शिंपी मात्र स्वस्थ बसलेला नव्हता. कुणाचा फाटका तंबू शिवून दे, कुणाच्या पिशवीचा पट्टा जोडून दे. आणि सुईत दोरा ओवता ओवता प्रत्येकाला तोच प्रश्न.

कार्यालयातली कारकूनबाई म्हणाली, "आजोबा, इथं सगळ्यांत जुना तात्याच. त्यालाच धरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्याने कुंपणावर टाकलेलं आपलं जाकीट उचललं. वर्षभर लोंबणारा खिसा शिवलेला होता. इतका बेमालूम, की टाका शोधावा लागला.

जाकीट तसंच हातात घेऊन तो सात नंबरपाशी गेला. शिंपी दगडावर बसून डोहाकडे बघत होता. पाण्यावर ऊन पडलं होतं.

"मीच होतो तो," तात्या म्हणाला. "त्या दिवशी."

शिंप्याने मान वळवली.

"ओरडा ऐकू आला होता मला. मिनिटभर हललो नाही. ते मिनिट..." त्याने हातातलं जाकीट दगडावर ठेवलं. "बारा वर्षं झाली. तुमचं काय बोलायचं असेल ते बोला. मारा हवं तर. पण माझे खिसे शिवू नका हो."

शिंपी उठला. जवळ आला. त्याने तात्याचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे केले, कापडाचा पोत बघावा तसे निरखून पाहिले.

"हेच का ते हात?" तो म्हणाला.

तात्याने मान खाली घातली.

"कार्यालयाला चार पत्रं टाकली मी. कुणी धड उत्तर दिलं नाही. शेवटी म्हटलं, आपणच जावं." शिंप्याने बाहीने डोळे पुसले आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "आता असे उभे नका राहू. तुम्ही बाहेर काढलेली माझी मुलगी दहाच्या बसने येतेय. कडेवर सहा महिन्यांचं बाळ आहे, थोडं पाणी कोमट करून ठेवाल?"