दमलेल्यांची लिफ्ट

पूर्वी गयाबाई पाचव्या मजल्यापर्यंत जिन्यानेच चढायची, कारण लिफ्टपाशी पाटी होती: ‘घरकाम करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये.’ मग कायदा बदलला, ती पाटी निघाली आणि नवी लिफ्ट आली. दारात उभ्या असलेल्या माणसांचा थकवा ती मोजायची आणि सगळ्यांत दमलेल्याला एकट्यालाच आधी वर न्यायची.

चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या गयाबाईसाठी दार लगेच उघडायचं. सोसायटीचे चेअरमन टिपणीस मात्र खाली ताटकळायचे. एकदा ते मुद्दाम जिममधून घामाघूम होऊन आले, तर लिफ्ट चारचौघांत म्हणाली, “साहेब, हा थकवा हौसेचा आहे.”

टिपणिसांनी तडक सभा बोलावली. गयाबाई वीस वर्षं रविवारची सुट्टी मागत होती आणि प्रत्येक घरातून “बघू” एवढंच ऐकत होती. आता दहा मिनिटांत ठराव पास झाला: कामवाल्या बायकांना दर रविवारी भरपगारी सुट्टी.

सोमवारी गयाबाई केसांत अबोली माळून आली. टिपणीस खुशीत तिच्याशेजारी उभे राहिले.

“गयाबाई, आज अगदी ताज्यातवान्या दिसताय! आता बघू लिफ्ट कुणाला नेते.”

दार उघडलं. लिफ्ट म्हणाली, “भिवाजी, या.”

डबल ड्युटी करून पेंगुळलेला वॉचमन भिवाजी गच्चीवरची टाकी बघायला निघाला होता. तो आत शिरला आणि दार बंद झालं.

टिपणिसांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे आता यालाही सुट्टी द्यायची? त्यासाठी पुन्हा सभा घ्यायची?”

गयाबाई जिन्याकडे वळत म्हणाली, “घ्या की साहेब. ती पाटी लावताना मात्र सभा लागली नव्हती.”