तिच्या हातचा केक

सासऱ्यांनी केकचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि सावकाश चावायला सुरुवात केली. सून समोर निकालाची वाट बघत उभी.

“चांगला झालाय,” ते म्हणाले.

“पण?”

“पण तिच्या हातचा नाही.”

हा सलग नववा रविवार होता. सुनेनं हसून बशी उचलली आणि स्वयंपाकघरात गेल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, मनसोक्त नाक मुरडून घेतलं.

तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. घरात कसली उणीव नव्हती. नवरा जीव लावणारा, सासरे भाजीत मीठ विसरलं तरी मुकाट्यानं जेवणारे. फक्त या संत्र्याच्या केकपुढे त्यांच्यातला निवृत्त गणिताचा मास्तर जागा व्हायचा आणि ती दर रविवारी काठावर नापास व्हायची.

हट्ट तिचाच होता. नवऱ्यानं कधी काही मागितलं नव्हतं. एकदा कपाट आवरताना त्याच्या आईचा फोटो निघाला, तेव्हा तो म्हणाला होता, “खरं सांगू? हा चेहरा मला फोटो बघून बघून पाठ झालाय. मी चार वर्षांचा होतो गं. माझं माझं म्हणून एवढंच आठवतं. रविवारी जाग यायची ती संत्र्याच्या वासानं. आई पलंगावर उशीला टेकून बसलेली असायची, डोक्याला रुमाल बांधलेला, शेजारी केक. मला जवळ ओढून गालांवर हात ठेवायची. गारगार हात. म्हणायची, बघ, तुझ्यासाठी काय आहे.”

“केस मध्ये येत असतील, म्हणून रुमाल,” ती म्हणाली होती.

“असेल. पहाटे उठून करायची, दमून टेकत असेल बिचारी.”

आई गेली आणि आत्या घर सांभाळायला आली. आत्यानं सगळं निगुतीनं केलं, पण तो केक त्या घरात पुन्हा झाला नाही.

येत्या वाढदिवसाला नवरा तिशी गाठणार होता. त्याची आई याच वयात गेलेली. त्या दिवशी त्याला त्याची आई एका घासापुरती का होईना परत द्यायची, असं सुनेनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कृती कुठेच लिहिलेली नव्हती. होती ती सासऱ्यांच्या आठवणीत. आणि सासरे तर कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत. मला चहासुद्धा येत नाही, असं अभिमानानं सांगायचे. उन्हाळा असो की हिवाळा, मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून सूचना सोडायचे.

“लोणी यंत्रानं नको फिरवूस. ती लाकडी चमच्यानं फेटायची. हात भरून आला की आणखी शंभर वेळा.”

“मोजून शंभर?”

“गणिताच्या मास्तराची बायको होती ती.”

थोड्या वेळानं पुन्हा. “आज साल किसताना पांढरं आलंय. कडवट लागेल.”

“तिथून दिसतं तुम्हाला, बाबा?”

“वास येतो.”

कधी बोलता बोलता ते कुठेतरी हरवायचे. “एकदा ओव्हनची तापलेली जाळी लागली तिला. डाव्या मनगटावर, अशी आडवी. पट्टीनं रेघ ओढावी तसा डाग राहिला तो राहिलाच. पण तोंडातून आवाज काढला नाही. पोर उठेल म्हणून.”

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. कधी न पाहिलेल्या सासूवर तिचा जीव जडला तो त्या दिवशी.

वाढदिवस उजाडला. नवरा आत्याला आणायला स्टेशनवर गेला आणि इकडे केकनं दगा दिला. मधोमध खाली बसला. सुरी खुपसून पाहिली तर आत कच्चा. सुनेनं सुरी ठेवली आणि पिठाच्या हातांनी तशीच जमिनीवर फतकल मारून रडायला लागली.

“मला नाही जमणार, बाबा. मी त्यांना कधी बघितलंच नाही, तर शिकणार कुणाचं बघून? तुम्ही सांगता ते सगळं करते, तरी काहीतरी राहतंच.”

सासरे दारात उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“तो कधी येईल?”

“गाडी वेळेवर असली तर दीड तासात.”

“संत्री आहेत?”

“दोन उरलीत.”

“पुरेत.”

त्यांनी उंबरा ओलांडला. ओव्हन तापत ठेवला, फसलेला केक बाजूला सारला आणि लाकडी चमच्यासाठी हात पुढे केला. तिला वाटलं, या वयात यांना हे काय सुचलं.

“तुम्ही, बाबा? अहो, हात भरून येईल.”

“येऊ दे. तू नुसती बघ. सांगून येणारं नाही ते.” ते क्षणभर थांबले. “आणि त्याला यातलं काही बोलायचं नाही. केक तिचाच आहे. मी तिला शब्द दिलाय.”

हात धुवायला ते नळापाशी गेले. आधी उजव्या बाहीचं बटण काढलं, मग डाव्या. दोन्ही बाह्या नीट घड्या घालत कोपरापर्यंत वर दुमडल्या. डाव्या मनगटावर, पट्टीनं ओढलेल्या रेघेसारखा, भाजल्याचा जुना डाग होता.