विमानाचा खल

छायाने खल उपडा केला तशी त्यातून पांढुरकी पूड ओट्यावर सांडली. आतून देवीचे वण उठावेत तसे खड्डे पडले होते.

"घ्या भाऊजी, तुमचं विमान," ती धाकट्या दिराला म्हणाली.

गोकुळ पुण्याकडे विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. आईच्या, रुखमाबाईंच्या हाताला दगडी खल पेलेना, म्हणून मागच्या दिवाळीत त्याने विमानाच्या अल्युमिनियमचा हा खल लेथवर स्वतः कातून आणला होता. तेव्हापासून रुखमाबाईंना दुसरा विषय नव्हता. इकडे गावी, सोनाळ्यात, दारावर आलेल्या भाजीवालीलाही तो खल हातात घेऊन बघावा लागे. म्हातारीचं दुखलंखुपलं, आंघोळ, औषधपाणी सगळं छायाने करायचं आणि कौतुक वर्षातून चार दिवस येणाऱ्याचं! तिचा नुसता जळफळाट व्हायचा. मग ती त्याच खलात मूठभर मीठ घालून मिरचीचा ठेचा कुटायची आणि मुद्दाम त्यातच मुरू द्यायची. लोणच्याने जर्मलच्या, म्हणजे साध्या अल्युमिनियमच्या पातेल्याचं काय होतं, ते तिने माहेरी पाहिलं होतं.

गोकुळने खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

"धातू दणकट हाय वहिनी, पण मीठ सोसत नाही. ताकद यावी म्हणून याच्यात तांबं-जस्त मिसळतात, तेच नडते. विमानाले वरून लेप तरी असते. याच्यापेक्षा घरातलं साधं जर्मल टिकलं असतं. माह्या ध्यानातच नाही आलं."

त्याचा चेहरा पडला. छायाला आत कुठेतरी गार गार वाटलं. किती दिवस ती या घडीची वाट बघत होती.

"म्हणजे आता याच्यात कुटता येत नाही?" रुखमाबाईंनी विचारलं.

"नाही मा. टाकून दे."

"टाकून काऊन देऊ?" म्हातारीने खल ओढून घेतला आणि पदराने आतून-बाहेरून पुसला. "माह्या लेकानं माह्यासाठी हातानं घडवला हा."

मग तिने तो छायापुढे धरला.

"देवघरात ठेव बाई. रोजची पूजा तूच करतं ना? देवाले वाहून झालं का यालेही हळदकुंकू वाहत जाय."