आईचं ताट

"वहिनी, ह्यात लसूण घातलाय ना?" आत्यानं भरिताची वाटी हुंगली आणि बाजूला सारली. तिच्या नवऱ्याला वांगंच चालत नव्हतं आणि लेकाला भाकरीवरचा काळा डाग. आई बिचारी तिसऱ्यांदा पोळ्यांची कणीक भिजवायला उठली.

पंगत उठल्याशिवाय घरच्या बाईनं जेवायचं नाही, हा त्या घराचा रिवाज. आई सकाळपासून उपाशी होती. नववीतच शाळा सोडून घरी बसलेल्या, तव्यापाशी भाकऱ्या थापणाऱ्या हर्षालीला तेवढं मात्र स्पष्ट दिसत होतं.

"चार माणसांचा स्वयंपाक धड जमत नाही तुला," बाबा सगळ्यांदेखत आईवर खेकसले.

हर्षालीचं डोकं सणकलं. तिनं तव्यावरची भाकरी काढली, ताटात भरीत वाढलं, त्यावर कच्चं तेल सोडलं आणि आत्याच्या शेजारीच पाट मांडला.

"आई, बस."

"अगं, पाहुणे जेवतायत."

"कुठं जेवतायत? नुसता वास घेतायत. तू बस."

"शाळा सुटली तशी जीभपण सुटली वाटतं हिची," आत्या म्हणाली.

"हो आत्या. तुला काय पायजे ते सांग, मी करते. पण आई जेवल्यावर."

बाबांनी डोळे वटारले. हर्षाली हलली नाही. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि पाटावर मांडी घातली. पहिला घास तिनं सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "दोन मिरच्या भाजून आण गं. आणि पुढची भाकरी जरा पातळ थाप."