इंजिनाचा खोकला

भक्-भक्-भक्. मग एक ठोका गायब, आणि लगेच तो खोकला. सिदूच्या हातातला पाना खाली पडला. तीन महिन्यांमागं याच इंजिनाच्या पट्ट्यात सापडून मेलेला बिभीषण मिस्त्री असाच खोकायचा, अगदी हुबेहूब.

धर्मापुरीत तर बोभाटाच झाला होता. विहिरीवरच्या इंजिनात बिभीषण शिरलाय म्हणे! मालक सुंदरराव वैतागले होते. हैदराबादेहून हौसेनं आणलेलं पेट्रोलचं इंजिन, आणि मळ्याला धड पाणी नाही. सकाळीच त्यांनी सिदूला बजावलं होतं, "आज नीट झालं तर झालं बे. न्हाईतर उद्या मोटेला बैल जुंपतो, आन तू तुझी वाट धर."

नोकरीचं राहू द्या एकवेळ, सिदूला खरीखुरी भीती वाटत होती. तरी देवाचं नाव घेऊन त्यानं इंजिन बंद केलं, खोललं. पेट्रोल सुईएवढ्या भोकातून फवारून हवेत मिसळलं की ठोके एकसारखे पडतात, हे बिभीषणनंच त्याला शिकवलं होतं. भोक साफ होतं. मग त्यानं पेट्रोलची काचेची वाटी काढून उन्हात धरली. तळाशी पाण्याचे टपोरे थेंब!

"तिच्या मायला, पाणी हाय हे!" सिदू एकटाच हसत सुटला. पाण्याचा थेंब आत गेला की पेट्रोल पेटत नाही, ठोका चुकतो. भूत नाही नि खेत नाही. त्याच्या जिवात जीव आला.

मान वर केली तर समोर बिभीषणची बायको, साखराबाई. हातात तांब्या. टाकीचं झाकण ती उघडतच होती.

"वैनी! पाणी कावून वतता त्यात?"

ती दचकली, पण तांब्या काही लपवला नाही तिनं. "मग कुठं द्यावं त्यांना, भावजी? जीव इथंच गेला त्यांचा. रोज सपनात येत्यात, पाणी दे म्हनत्यात." तिनं त्याच्याकडं बघितलं. "तुमी तर म्हनला व्हता, तुमच्या हातचं पाणी पिऊन गेले. मग कावून मागत्यात?"

बिभीषण गेला त्या दिवशी इथं तो नि सिदू दोघंच होते. बिभीषण पाणी पाणी करत होता. भरला पाट दहा पावलांवर होता, आणि सिदू भिऊन उलट्या दिशेनं पळाला होता.